पाहण्याचा हक्क : रोजच्या वस्तूंतील अमूर्त सौंदर्याचा इतिहास



मजुरी, बोनस आणि कामाचे तास ह्या विषयांवर बोलण्यात ज्यांची उमर गेली, त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण ह्यांवर बोलावयास उभे राहावे, ह्याचे आपणांपैकी कित्येकांना नवल वाटले असेल. आणि तेही कसल्या चित्रांवर? तर ज्यांत ना देव, ना राजा, ना डोंगरामागचा सूर्योदय. नुसत्या रेषा, आकार, उजेड आणि सावली एवढ्यांवरच जी उभी असतात अशा चित्रांवर. आमचे शिक्षण शाळेत थोडे व सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. त्या वाचनात आम्हांला असे आढळले की, रोजच्या वस्तूंत अमूर्त सौंदर्य शोधणाऱ्यांची कथा आणि कष्टकरी माणसाची कथा ह्या दोन्ही एकमेकींना पुन्हा पुन्हा भेटतात; कधी मैत्रीने, कधी भांडत. त्या भेटींचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. त्यातून एक प्रश्न निघतो. ज्या भिंतीआड माणसे राबतात त्या भिंतीचे सौंदर्य पाहणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, की राबणाऱ्याचाही तो हक्क आहे? ह्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून आम्हांला खाली बसता येणार नाही.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. 'अमूर्त' म्हटले की काहीतरी अगम्य, शहाण्यासुरत्या माणसाने ज्याच्या वाटेस जाऊ नये असे, अशी आपली समजूत असते. गोष्ट तितकी अवघड नाही. उन्हे कलली की खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडते. ती गजांची सावली आहे एवढे म्हणून आपण पुढे जातो. पण घटकाभर 'गज' हे नाव विसरा, खिडकीचा उपयोग विसरा; मग तिथे काळ्या व उजळ पट्ट्या उरतात, त्या एका बाजूस निमुळत्या होतात, मध्ये पडलेल्या चपलेवरून जाताना वाकतात. वस्तूचे नाव आणि उपयोग बाजूस ठेवून तिचा निव्वळ आकार पाहणे, एवढाच अमूर्त दृष्टीचा अर्थ. आपल्या आयाबहिणींना ही दृष्टी कोणी शिकवावी लागली नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना त्या आधी ठिपक्यांच्या सरळ ओळी मांडतात व मग रेषेने ते जोडतात. त्या आकृतीला पुष्कळदा कशासारखे दिसण्याची गरजही नसते. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणारी बाई कोणता तुकडा कोणत्या तुकड्याशेजारी बसेल हे ठरविते, तेव्हा तीही हेच करीत असते. आणि शाळेत एलिमेंटरी व इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांना बसलेल्या मंडळींना आठवत असेल की, स्थिरचित्रासाठी मांडलेल्या तांब्याला मास्तर तांब्या म्हणून पाहू देत नसत. कडा कुठे वळते ते पाहा, सावली कुठे संपते ते पाहा, असा त्यांचा आग्रह असे.

ह्या दृष्टीचा पाश्चात्य चित्रकारांतील एक जुना व प्रसिद्ध दाखला इटलीच्या लिओनार्दो दा विंचीचा आहे. त्याचा काळ १४५२ ते १५१९. त्याने आपल्या टिपणांत चित्रकारांना असा सल्ला दिला आहे की, डाग पडलेल्या भिंतींकडे आणि रंगीबेरंगी दगडांकडे टक लावून पाहावे. तेथे डोंगर, नद्या, झाडे, लढाया आणि माणसांचे चेहरे दिसू लागतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीकडे पाहत अंथरुणावर पडलेल्या पोरालाही तिथे हत्तीघोडे दिसतात. तेव्हा हा सल्ला आपणांस परका वाटू नये. मात्र येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लिओनार्दो डागात डोंगर शोधीत होता. डाग हा डागच राहू द्यावा आणि तरीही तो पाहण्याजोगा आहे असे म्हणावे, ही पायरी पुढे चारशे वर्षांनी आली. ती येण्यास एक नवे यंत्र कारण झाले.

त्या यंत्राची जन्मकथा मोठी मौजेची आहे, कारण ते एका मनुष्याला चित्र काढता येत नसल्यामुळे जन्मास आले. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट हा इंग्लंडातील एक विद्वान जमीनदार. १८३३ च्या ऑक्टोबरात इटलीतील कोमो सरोवराच्या काठी तो निसर्गचित्र काढावयास बसला. समोरचे दृश्य कागदावर पडल्यासारखे भासावे व त्यावरून पेन्सिल फिरविता यावी, असे एक लोलकाचे साधन त्याच्यापाशी होते. तरीही कागदावर उमटल्या त्या वेड्यावाकड्या रेघोट्याच. तेव्हा त्याच्या मनात आले की, उजेडानेच स्वतः आपले चित्र कागदावर उमटवून ठेवले तर! घरी येऊन त्याने रसायने लावलेल्या कागदांवर प्रयोग आरंभिले. १८३५ च्या ऑगस्टात त्याने घेतलेले जे उलटे चित्र, म्हणजे निगेटिव्ह, आज शिल्लक आहे ते जगातील सर्वांत जुने उपलब्ध निगेटिव्ह मानले जाते. टपालाच्या तिकिटाहून थोडाच मोठा असा तो तुकडा आहे. त्यावर आहे काय? लॅकॉक येथील त्याच्या घराची जाळीदार खिडकी. आत अंधार व बाहेर उजेड, त्यांमध्ये लहान लहान काचांच्या चौकटी. चित्र नवे होते तेव्हा भिंगातून पाहिले असता सुमारे दोनशे काचा मोजता येत, असे टॅल्बटने त्या तुकड्याशेजारी लिहून ठेवले आहे. एखाद्या राजाचा मुखडा किंवा देवालयाचा कळस तेथे नाही. आहेत त्या उभ्याआडव्या रेषा. प्रयोगाच्या सोयीने तसे झाले हे खरे. परंतु छायाचित्रणाच्या ह्या पहिल्या पानांवरच रोजची वस्तू आणि अमूर्त आकृती अशा एकत्र आलेल्या दिसतात.

पुढे १८४४ ते १८४६ ह्या काळात टॅल्बटने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे छायाचित्रांचे पुस्तक सहा भागांत प्रसिद्ध केले. त्यांत २४ चित्रे होती. त्यांपैकी एकात उघडे दार आहे आणि दाराशी टेकून ठेवलेला खराटा. खराट्याची तिरपी रेषा व दाराच्या सावलीची तिरपी रेषा एकमेकींना जुळवून घेतात. दुसऱ्या एकात गवताची गंजी व तिला लावलेली शिडी. साध्या प्रसंगांची चित्रे काढणाऱ्या जुन्या डच चित्रकारांचा आधार टॅल्बटने त्या दाराच्या चित्रासाठी दिला आहे. खराट्याचे छायाचित्र काढावयासही थोरामोठ्यांचा दाखला द्यावा लागे, ह्यावरून त्या काळच्या रुचीची कल्पना यावी. आपल्याकडे हे यंत्र फार उशिरा आले असे नाही. मुंबईत छायाचित्रण संस्थेची स्थापना १८५४ मध्येच झाली. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, जे. जे. कलाशाळा सुरू झाली.

आता आपण अमेरिकेत जाऊ, कारण कष्टकऱ्याची व अमूर्त सौंदर्याची पहिली मोठी भेट तेथे आगबोटीवर झाली. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा न्यूयॉर्कचा नामांकित छायाचित्रकार. छायाचित्र हीही कला आहे, हे लोकांस पटवून देण्यात त्याचे आयुष्य गेले. १९०७ साली तो कुटुंबासह पहिल्या वर्गाने युरोपकडे चालला होता. वरच्या डेकच्या टोकाशी येऊन त्याने खाली पाहिले, तो तिथे सर्वांत स्वस्त तिकिटाच्या उतारूंची दाटी. अमेरिकेहून परत चाललेली गरीब माणसे, पोरेबाळे, वाळत घातलेले कपडे. त्या क्षणी काय दिसले, हे त्याने पुढे १९४२ मध्ये सांगितले आहे. एक गोल गवती टोपी, डावीकडे झुकलेले धुरांडे, उजवीकडे झुकलेला जिना, पांढरा रंग दिलेला पूल आणि एका माणसाच्या पाठीवर फुली घातलेले पांढरे पट्टे, हे सारे आकार एकमेकांशी नाते जोडून उभे होते. तो धावत खोलीत गेला, कॅमेरा आणला. एकच काच शिल्लक होती, ती त्याने वापरली. ते छायाचित्र १९११ मध्ये त्याच्याच त्रैमासिकात छापले गेले आणि आज ते फार थोर मानले जाते.

आम्ही हे चित्र पुस्तकात प्रथम पाहिले, तेव्हा आमच्या मनात दोन विचार एकदम आले. चित्र खरोखर उत्तम आहे. डोळा त्यातून हलत नाही. परंतु पाहणारा वर उभा आहे आणि ज्यांना पाहिले ते खाली आहेत. खालच्या माणसाने मान वर केली असती, तर त्याला काय दिसले असते? आजच्या विषयातील सारा पेच ह्या एका चित्रात साठलेला आहे.

त्याच काळात त्याच शहरात लुइस हाइन नावाचे एक शाळामास्तर होते. कॅमेरा त्यांनी शिकविण्याचे साधन म्हणून हाती घेतला. १९०८ मध्ये राष्ट्रीय बालकामगार समितीने त्यांस छायाचित्रकार म्हणून नेमले आणि ते कापडगिरण्या, खाणी व काचकारखाने हिंडू लागले. मालक आत शिरू देत नसत, म्हणून नाना बहाणे करावे लागत. मुलाची उंची आपल्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मोजावयाची व खिशातल्या खिशात टिपून घ्यावयाची, अशी त्यांची युक्ती होती. त्यांचे १९०८ मधील एक छायाचित्र साउथ कॅरोलायनातील एका सूतगिरणीतील आहे. चात्यांची लांबच लांब रांग चौकटीच्या टोकापर्यंत निमुळती होत गेली आहे आणि तिच्यापुढे एक मुलगी उभी आहे. उंची ४८ इंच, कामाला लागून अर्धे वर्ष झालेले, अशी हाइन यांची नोंद आहे. आता ह्या चित्रातील रेषा पाहा. यंत्राची ती न संपणारी रेषा आणि मुलीची आखूड उभी रेषा, ह्यांच्या प्रमाणातच सारा अन्याय सांगितला गेला आहे. त्या रेषांकडे ज्याचे लक्ष नव्हते, त्याला हे चित्र इतक्या ताकदीने घेता आले नसते. अमेरिकेत १९३८ साली केंद्रीय कायद्याने गिरण्या-कारखान्यांतील बालमजुरीवर बंदी घातली. तिच्यामागे जे लोकमत तयार झाले, त्यात ह्या छायाचित्रांचा वाटा आहे.

ह्या मास्तरांच्या वर्गात पॉल स्ट्रँड नावाचा मुलगा शिकत होता. हाइन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन फिफ्थ ॲव्हेन्यूवरील स्टिग्लिट्झच्या चित्रदालनात गेले आणि तेथेच ह्या मुलाच्या आयुष्याला दिशा लागली. म्हणजे पाहा, बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या माणसानेच आपल्या शिष्याचा हात धरून त्याला आधुनिक कलेच्या दारी नेऊन सोडले. १९१५ मध्ये स्ट्रँडने न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील मॉर्गन कंपनीच्या इमारतीचे छायाचित्र घेतले. प्रचंड काळ्या चौकोनी कोनाड्यांची ओळ आणि तिच्या पायथ्याशी लांब सावल्या टाकीत चाललेली मुंगीएवढी माणसे. लगेच पुढच्या, १९१६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट प्रांतातील ट्विन लेक्स येथे राहून त्याने स्वयंपाकघरातील वाडगे व ओसरीच्या कठड्याच्या सावल्या ह्यांची अशी छायाचित्रे काढली की, वस्तू कोणती हे चटकन उमगू नये. पॅरिसचे नवे चित्रकार चित्राची बांधणी कशी करतात, हे त्याला समजून घ्यावयाचे होते. त्याच साली त्याने रस्त्यावरील एका आंधळ्या विक्रेतीचे छायाचित्रही घेतले. पुढे मेक्सिकोच्या कोळ्यांच्या लढ्यावर त्याने चित्रपट केला, तो १९३६ मध्ये पडद्यावर आला. वाडग्यांच्या आकारांनी त्याला माणसापासून तोडले नाही. उलट माणूस चौकटीत कोठे उभा केला म्हणजे तो पुरता दिसतो, हे त्या वाडग्यांनी त्याला शिकविले, असे आम्हांस वाटते.

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच जोराने मांडली पाहिजे, आणि ती मांडली गेली जर्मनीत. १९२८ साली तेथे दोन पुस्तके निघाली. एक कार्ल ब्लॉसफेल्ट ह्यांचे. हे गृहस्थ तरुणपणी लोखंड ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारी केलेले व पुढे बर्लिनच्या कलाशाळेत शिक्षक झालेले. विद्यार्थ्यांना नमुने म्हणून दाखविण्यासाठी ते रस्त्याकडेच्या रानटी वनस्पतींचे कोंब, देठ व बिया कित्येक पट मोठ्या करून टिपीत. गुंडाळलेल्या नेच्याच्या कोंबात त्यांना लोहाराने वळविलेली सळई दिसे. ओतारी हाताची ही नजर होती. दुसरे पुस्तक आल्बर्ट रेंगर-पात्श ह्यांचे. त्यांत १०० छायाचित्रे होती. झाडे, प्राणी, भांडी, धुरांडी, कारखान्यातील यंत्रे, सर्व अतिशय स्वच्छ, धारदार आणि देखणी. त्यांना पुस्तकाचे नाव नुसते 'वस्तू' असे ठेवावयाचे होते. परंतु शेवटी ते 'जग सुंदर आहे' ह्या नावाने बाजारात आले.

जग सुंदर आहे, ह्या नावानेच काही मंडळी खवळली. जर्मनीत महायुद्धानंतरची ओढग्रस्त नुकती सरत होती आणि १९२९ नंतर तर बेकारीची लाटच आली. वॉल्टर बेन्यामिन ह्या लेखकाने १९३१ मध्ये छायाचित्रणाच्या इतिहासावर निबंध लिहिला, त्यांत नाटककार ब्रेख्टचे एक मत दिले आहे. त्याचा आशय असा की, क्रुप किंवा ए. ई. जी. ह्यांसारख्या कारखान्याचे नुसते छायाचित्र त्या कारखान्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. बरोबरच आहे. धुरांडे कितीही सुबक टिपले, तरी त्यातून मजुरी किती मिळते ते कळत नाही, बोट कोणाचे तुटले ते कळत नाही, शेवटच्या पाळीनंतर माणूस घरी कसा जातो तेही कळत नाही. पुढे १९३४ मध्ये बेन्यामिनने आणखी कडक आरोप केला. असल्या छायाचित्रणाने दारिद्र्याचीही गोडी घेण्याजोगी वस्तू करून टाकली, असे त्याचे म्हणणे होते. ह्याच मंडळींच्या आसपास, १९२६ पासून, जर्मनीत कामगार छायाचित्रकारांची संघटना उभी राहिली होती आणि तिचे मासिकही निघत असे. गिरणीत, खाणीत काम करणाऱ्यांनी स्वतः कॅमेरा धरावा आणि आपले जग आपणच दाखवावे, हा तिचा हेतू. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ती चळवळ चिरडली गेली.

ह्या टीकेचे वजन आम्ही जाणतो. आजही उड्डाणपुलावरून झोपडपट्टीची निळी प्लॅस्टिके टिपून 'रंगांची किती सुंदर जुळणी' असे म्हणणारे भेटतात. त्या निळ्या कागदाखाली पावसाचे पाणी कोणाच्या चुलीत गळते, हे विचारण्याची त्यांना गरज वाटत नाही. तथापि टीका खरी म्हणून दृष्टीच खोटी, असा निष्कर्ष काढता येईल काय? ह्याचे उत्तर शोधण्यास आणखी दोन माणसांची हकीगत उपयोगी पडते.

पहिला आरन सिस्किंड. जन्म १९०३, न्यूयॉर्क. बाप रशियातून आलेला ज्यू शिंपी. हा शाळेत इंग्रजी शिकवी आणि फोटो लीग नावाच्या, कामगारवस्त्यांचे जीवन टिपणाऱ्या संस्थेत काम करी. हार्लेम ह्या निग्रो वस्तीवरील मोठा चित्रसंग्रह त्याच्या पुढाकाराने तयार झाला. परंतु १९४३-४४ च्या सुमारास ग्लॉस्टर व मार्थाज व्हिनयार्ड ह्या समुद्राकाठच्या गावी तो वेगळेच काही टिपू लागला. फळीवर पडलेला टाकाऊ हातमोजा, दोरखंडाचे वेटोळे, पुढे पुढे तर भिंतीवरचे पोपडे धरलेले रंग व फाटलेली भित्तिपत्रके. लीगमधील काही सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही; लढ्याच्या दिवसांत भिंतीचे पोपडे काय पाहत बसायचे, असा त्यांचा सवाल. आमच्या चळवळीत आम्ही असे सवाल पुष्कळ ऐकले आहेत. गंमत अशी की, सरकारने १९४७ मध्ये फोटो लीगलाच राष्ट्रविघातक संस्थांच्या यादीत घातले आणि १९५१ मध्ये ती बंद पडली. सिस्किंडच्या भिंती मात्र टिकल्या. त्यांतील पोपड्यांवर काळाचा, पावसाचा, माणसांच्या हातांचा लेख आहे. आणि तो हातमोजा! त्यात हात नाही, पण बोटे अजून वाकलेलीच आहेत. तो कोणा कष्टकऱ्याचा होता हे सांगण्यासाठी तिथे माणूस उभा करावा लागत नाही.

दुसरी व्यक्ती आपल्या जवळची आहे. नसरीन मोहम्मदी ह्यांचा जन्म १९३७ मध्ये कराचीत झाला; त्या मुंबईत वाढल्या, शिकल्या लंडनला व पॅरिसला. बहारीनमध्ये त्यांच्या वडिलांचे छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान होते, त्यामुळे कॅमेरा घरातलाच. मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार, नाटकवाले, सतारवादक असे सारे एकत्र काम करीत. तेथे नसरीनबाईंना वासुदेव गायतोंडे ह्यांचा सहवास लाभला. गायतोंडे म्हणजे नागपुरास जन्मलेले, मूळ गोव्याकडचे, जे. जे. मधून १९४८ साली बाहेर पडलेले आणि अमूर्त चित्रकलेत भारतात ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे असे चित्रकार. १९७२ पासून नसरीनबाई बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागल्या. त्यांची रेखाचित्रे पेन्सिलीची व शाईची, इमारतीचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन वापरतो तसल्या साधनांनी काढलेली. कागदावर केसाएवढ्या बारीक सरळ रेषा. कोठे दाट, कोठे विरळ, कोठे हवेत तरंगल्यासारख्या तिरप्या. चित्रांना नाव नाही आणि बहुतेकांवर तारीखही नाही.

ही रेखाचित्रे आकाशातून पडली नव्हती. नसरीनबाई सतत छायाचित्रे काढीत. अलिबागजवळच्या किहीमला त्यांच्या कुटुंबाचे घर होते. तेथील वाळूवर ओहोटीने सोडलेल्या रेघा, फरसबंदी, रस्त्यावर रंगविलेले पांढरे पट्टे, फत्तेपूर सिक्रीची अंगणे आणि मागावर ताणलेले सूत ही त्यांची छायाचित्रांची सामग्री. हयातीत त्यांनी ही छायाचित्रे कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. ती एक प्रकारे त्यांच्या डोळ्यांची रोजनिशी होती. छायाचित्रावरून जसेच्या तसे चित्र काढावयाचे, असाही प्रकार नाही. डोळा बाहेर तयार होई आणि हात कागदावर काम करी. आयुष्याच्या उत्तरार्धात हातापायांवरील ताबा हळूहळू घालविणारा मज्जासंस्थेचा आजार त्यांना जडला. तरीही पट्टी धरून त्या रेषा ओढीत राहिल्या, आणि त्या रेषांत थरथर शोधून सापडत नाही. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी शाखा उघडली, ती ज्या प्रदर्शनांनी, त्यांत एक नसरीन मोहम्मदींचे होते.

मागावर ताणलेल्या सुताच्या त्या छायाचित्रापाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. कारण ते दृश्य आम्ही कारखान्यांतून हजारो वेळा पाहिले आहे. यंत्रमागाच्या गावात वहिफणी कामगार म्हणून एक वर्ग असतो. ताण्याचा एकेक धागा वहीच्या डोळ्यातून व फणीच्या दातातून ओवावयाचा, हे त्याचे काम. असे हजारो धागे. एक धागा चुकला तर कापडभर रेघ उमटते. त्या कामगाराचा डोळा सरळ रेषेतील केसाएवढा फरक ओळखतो. तपासणीच्या टेबलावरील बाई उजेडावर कापड धरते आणि तिची नजर नेमकी दोषावर जाऊन थांबते. म्हणजे ज्या नजरेला कलेच्या ग्रंथांत मोठमोठी नावे आहेत, तिचा कच्चा माल आपल्या कामगारांपाशी रोजच्या रोज तयार होत असतो. मग ती नजर सौंदर्याकडे का वळत नाही? नजर कमी पडते असे मुळीच नाही. तिच्यापाशी वेळ नाही. आणि पाहणे हे आपले काम नव्हे, असे तिला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले आहे.

वेळेचा हा प्रश्न आमच्या चळवळीइतकाच जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली. तेव्हाचा कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबे. आठवड्याची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, त्यांच्या झगड्यामुळे. आज रविवारी आपण जे सावकाश उठतो, त्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे तास ६० वर आले, १९३४ च्या कायद्याने ५४ वर आणि १९४६ मध्ये ४८ वर. ह्या आकड्यांकडे आम्ही पुष्कळदा श्रमाचा हिशोब म्हणून पाहतो. उलट बाजूने पाहा. जो एकेक तास सुटला तो दिवसाच्या उजेडातील आहे. पहाटे अंधारात आत गेलेल्या आणि रात्री अंधारात बाहेर आलेल्या माणसाला भिंतीवरचे ऊन माहीतच नसते. ऊन पाहावयाचे तर ते आधी मिळविले पाहिजे.

'पोटात भाकरी नसताना सावल्या कसल्या दाखविता?' असे कोणी विचारील. भाकरी पहिली, ह्यात आमच्याकडून वाद नाही. परंतु भाकरी मिळाल्यावर माणसाने काय करावे, हे मालकाने किंवा पुढाऱ्याने ठरवू नये. शिवाय ही नजर लढ्याच्याही कामी येते, हे अनुभवाचे बोल आहेत. कारखान्यात अपघात झाला की आम्ही जागेचा नकाशा हाताने काढीत असू. पट्टा कोठून कोठे जातो, माणूस कोठे उभा होता, दिवा कोणत्या बाजूस, हे सारे रेघेने मांडावयाचे. तोंडी जबानीत 'सगळे ठीक होते' असे ठरून गेलेले असे. पण रेघ ओढता ओढता हात एका ठिकाणी अडे, आणि ध्यानात येई की येथे पट्ट्यावर जाळी असावयास हवी होती, ती नाही. चित्र काढणारास पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. छायाचित्र हे काम झटकन करते व अंतर, खुणा ह्यांची साक्ष देते. हाताचे चित्र सावकाश करते व डोळ्याला शिस्त लावते. दोन्ही हवीत.

तेव्हा ब्रेख्टच्या आक्षेपाला आमचे उत्तर असे आहे. कोणत्याही चित्राला दोन प्रश्न विचारावे. चौकटीत काय आहे? आणि चौकटीबाहेर काय राहिले? जो फक्त पहिला प्रश्न विचारतो, त्याला सुंदर धुरांडे दिसते व धुरांड्याखालचा माणूस दिसत नाही. जो फक्त दुसरा विचारतो, त्याला सगळीकडे गाऱ्हाणेच दिसते, आणि ज्या जगासाठी भांडावयाचे त्या जगाची गोडीच त्याच्यापाशी उरत नाही. हाइनमास्तरांनी गिरणीतल्या त्या मुलीच्या चित्रात दोन्ही प्रश्न एकदम विचारले. म्हणून शंभर वर्षांनंतरही ते चित्र बोलते.

आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आहे. टॅल्बटला ज्यासाठी अनेक वर्षे खटपट करावी लागली, ते आता बोटाच्या टोकाने होते. परंतु साधन आले म्हणजे दृष्टी आली, असे नव्हे. म्हणून जाता जाता थोडे व्यवहाराचे सांगतो. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची खिडकी कापा आणि तिच्यातून आपल्याच घराकडे पाहा : न्हाणीघराची ओली फरशी, चाळीचा जिना, वाळत घातलेल्या धोतराची घडी, सायकलीच्या आऱ्यांची सावली. डोळे किंचित मिटा म्हणजे नावे पुसट होतात आणि आकार पुढे येतात. जे आवडेल ते आधी पाच रेषांत कागदावर काढा आणि मगच फोन काढा. चित्र वाईट आले तर आनंद माना. टॅल्बटचेही वाईटच आले होते. आणि मग तो दुसरा प्रश्न विचारा : ही फरशी कोण पुसते, हे धोतर कोणी धुतले, आणि तिला हे ऊन पाहावयास सवड मिळते का?

त्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर पुठ्ठ्याची खिडकी तिच्या हाती द्या आणि तेवढा वेळ फरशी आपण पुसा. मोठ्या सुधारणांना कायदे लागतात, सभा लागतात, संप लागतात. त्या आम्ही करीत आलो आहोत व पुढेही करू. पण घरातल्या माणसाला अर्धा तास उजेड मिळवून द्यावयास कोणत्याही ठरावाची गरज नाही.